कलम खालून वर वाचा : मराठवाड्यातल्या वकील आमदारांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातून विधिमंडळात गेलेल्या सर्व वकील आमदारांस,

सनविवि.

मी 26 वर्षं अंबाजोगाईच्या न्यायालयात वकिली करते. दिवाणी कामं, त्यातही जमिनीची जास्त. तुमच्या प्रचारपत्रकावर नावाआधी 'ॲड.' छापलेलं असतं. गावातली माणसं ते वाचतात आणि त्यांना धीर येतो. कायदा कळणारं माणूस आपल्याकडून मुंबईला चाललंय, एवढा साधा हिशेब असतो त्यांचा. मीही दोन निवडणुकांत त्याच हिशेबाने मत दिलंय. त्या मताच्या हक्काने हे पत्र लिहिते आहे.

एका कामापासून सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी धारूरकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी माझ्याकडे आली. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले कागद तिने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "बाई, मालक जाऊन धा वरसं झाली. पर ह्ये कागद म्या उंदराला बी लागू दिलं न्हाईत." आत अडतीस-ईचं प्रमाणपत्र होतं. तुम्हाला सांगायला नको, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1950, कलम 38-ई : संरक्षित कूळ मालक झालं, त्याचा पुरावा. घडीवर घडी पडून कागद चार ठिकाणी विरला होता, पण शिक्का शाबूत होता. नातीच्या ऑपरेशनसाठी तिला एक एकर विकायचं होतं. गिऱ्हाईक तयार होतं आणि तेही शेतकरीच. पण सातबाऱ्यावर इतर हक्कात शेरा होता, कलम 50-ब प्रमाणे परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी.

ही अट 2014 मध्ये सैल झाली. मालकी मिळून 10 वर्षं झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, 40 पट नजराणा भरायचा, घेणारा शेतकरी असावा, कमाल धारणा आणि तुकडेबंदी मोडू नये, एवढ्याच अटी. तिच्या जमिनीचा आकार होता 4 रुपये 60 पैसे. चाळीस पट म्हणजे 184 रुपये. मी राजपत्राची प्रत काढली, अर्ज लिहिला आणि तिला सोबत घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने राजपत्र हातात घेतलं, पान उलटून पाहिलं आणि परत दिलं. "मॅडम, आम्हाला असं काही परिपत्रक आलेलं नाही." मग चलन कोण देणार यावर दोन महिने गेले, मंडळ अधिकाऱ्याच्या अहवालावर पाच. फाईल वर गेली, त्रुटी काढून खाली आली. सरकारजमा करायचे 184 रुपये स्वीकारून घ्यायला 14 महिने लागले. तोवर नातीचं ऑपरेशन सावकाराच्या पैशावर झालं होतं आणि एक एकराच्या जागी दोन एकर विकावं लागलं.

शेवटी काम कसं झालं तेही सांगते. गावातलं कुणीतरी तिला आमदारांकडे घेऊन गेलं. ते वकीलच. त्यांनी तिच्यासमोर फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. म्हातारीने त्यांना मनापासून दुवा दिली आणि ती त्यांना लागूच होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाच्या एका फोनने हे झालं, तो माणूस कायदे करणाऱ्या सभागृहात बसतो. अर्ज आल्यावर किती दिवसांत चलन द्यायचं, न दिल्यास काय, एवढी एक ओळ त्या कलमात असती तर फोनची गरजच पडली नसती. फोनने एका म्हातारीचं काम झालं. ओळीने तालुक्यातल्या सगळ्यांचं झालं असतं.

मला वाटतं, तुमच्या कामाचं माप इथे आहे. फोन लावणारे आमदार पुष्कळ आहेत. बिगरवकील आमदारही तो लावतातच, कधी तुमच्यापेक्षा जोरात. ओळ कुठे कमी आहे हे फक्त तुम्हाला दिसतं. आणि मराठवाड्याच्या बाबतीत तर तुमच्याशिवाय ते दिसणारं दुसरं कुणी नाही. असं का, ते जरा सविस्तर लिहिते.

आपल्या आठ जिल्ह्यांतली जमीन निराळ्या कायद्याची आहे. आपण 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राजवटीतून सुटलो, 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आलो, पण जमिनीचे कागद हैदराबादेतून आले ते तसेच राहिले. कूळकायदा हैदराबादचा, इनाम रद्द करणारा कायदा हैदराबादचा, अतियात म्हणजे इनामांच्या चौकशीचा 1952 चा कायदाही हैदराबादचा. आमच्या बार रूममध्ये मुंतखब (इनामाच्या हक्काचा दाखला), मदतमाश आणि खिदमतमाश (इनामांचे प्रकार), खासरा पाहणी पत्रक (जुनी जमीन नोंद) हे शब्द चहाबरोबर चालतात. जुन्या उताऱ्यावर अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद लिहिलेलं असतं. हे पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वकिलाला सांगावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. त्याला कधी ते वाचावंच लागलेलं नाही. आणि मंत्रालयात मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोरही बहुतेक वेळा मुंबई कूळकायदाच असतो. तो त्याची दुरुस्ती लिहितो, आणि मग हैदराबाद क्षेत्रासाठी तीच दुरुस्ती कलमाचा आकडा बदलून खाली जोडतो. आपल्याकडे ती तशीच्या तशी बसेल का, अडतीस-ईचं प्रमाणपत्र हरवलेल्या वारसाने काय करायचं, मुंतखबात नाव आहे पण फेरफार झालेलाच नाही त्याचं काय, हे प्रश्न मसुद्यात येत नाहीत. ते विचारायला सभागृहात तुम्ही आहात.

माझे वरिष्ठ हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. खासरा ते असा वाचायचे की जणू घरचं पत्र आलंय. सनद मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक सवय लावली. म्हणाले, "पोरी, कलम खालून वर वाचायचं. आधी स्पष्टीकरण, मग 'परंतु', मग वरचा मजकूर. वर सरकार देतं, खाली काढून घेतं." तेव्हापासून कुठलाही कायदा हातात आला की माझं बोट आपोआप पानाच्या तळाशी जातं. तुम्हालाही कुणीतरी हे शिकवलं असणार. माझी विनंती एवढीच आहे की ते बोट सभागृहातही चालू द्या.

मी अधिवेशनाचं कामकाज पाहते. वेळ मिळेल तसं, पण आवडीने. विधेयक येतं, मंत्री दोन मिनिटं बोलतात, आणि मग पीठासनावरून एका दमात ऐकू येतं, खंड 2 ते 14 विधेयकाचा भाग झाले. पुढचं विधेयक. कधी दोन्ही बाजूंनी घोषणा चाललेल्या असतात, कुणी हौद्यात उतरलेलं असतं आणि त्याच गोंधळात तीन-चार कायदे होऊन जातात. न्यायालयात माझ्या पक्षकाराच्या एका बांधासाठी मी तीन तारखा युक्तिवाद करते. तिथे तेरा खंड एका श्वासात जातात. त्या वेळी कॅमेरा तुमच्या बाकांवरून फिरतो तेव्हा मी ओळखीचे चेहरे शोधते. तुम्ही बाहेर लोकांना भेटत असाल, मतदारसंघातून आलेली माणसं खोळंबली असतील, हे मला कळतं. तरी मन खट्टू होतं.

पाण्याचं उदाहरण घेते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या अंगावर आलेलं आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. त्याच्या कलम 12 च्या सहाव्या पोटकलमात आपल्यासाठी सोन्यासारखी तरतूद आहे. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधलं पाणी ऑक्टोबरअखेर असं राखायचं की खरिपातला वापर धरून टक्केवारी सगळीकडे साधारण सारखी यावी. जायकवाडीसाठी याचा अर्थ सरळ आहे : वर नाशिक-नगरची धरणं भरलेली आणि खाली नाथसागर कोरडा, हे कायद्याला मान्य नाही. पण कायदा 2005 चा आणि त्याखालचे नियम आले 2013 मध्ये. आठ वर्षं! दरम्यान 2011 मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती झाली. सिंचन, पिणं आणि उद्योग यांच्यात पाण्याची वाटणी ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून निघून मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधीच घेतलेल्या निर्णयांना मागल्या तारखेपासून संरक्षण मिळालं. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा हा निकष सुचवला, आणि त्यानंतरही पाणी सोडण्यासाठी टंचाईच्या वर्षांत कोर्टकचेरी झाली, 2016 मध्ये उच्च न्यायालयाचा निकालही आला.

2011 ची दुरुस्ती आली तेव्हा मराठवाड्यातले वकील सभागृहात नव्हते असं नाही. मागल्या तारखेपासून अंमल हे शब्द दिसले की वकिलाचे कान टवकारले पाहिजेत. आणि नियम आठ वर्षं निघत नाहीत, हे तारांकित प्रश्नातून दर अधिवेशनात विचारता आलं असतं. बहुतेक कायद्यांच्या शेवटी एक कलम असतं, जे वाचायला कुणी जात नाही : केलेला प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण 30 दिवस ठेवायचा, आणि त्या काळात सभागृहांनी ठरवलं तर तो बदलता येतो किंवा रद्द करता येतो. खरा कायदा या नियमांत असतो. अर्जाचा नमुना, फी, मुदत, अपील कुणाकडे, हे सगळं तिथे ठरतं. माझ्या पक्षकाराच्या पायाला जो काटा लागतो तो कलमातला कमी, नियमातला जास्त.

आपल्याकडची परंपरा अशी नव्हती, म्हणून जास्त लागतं. 1950 चा कूळकायदा ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते बुर्गुला रामकृष्ण राव स्वतः वकील होते, पुढे 1952 मध्ये हैदराबादचे मुख्यमंत्री झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर न्यायालयांवर बहिष्कार टाकणाऱ्या वकिलांमध्ये शंकरराव चव्हाण होते. ते दोनदा मुख्यमंत्री झाले, पण मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो फाईल वाचणारा माणूस म्हणून. लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे ते उगाच नव्हे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि 1976 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. त्या धरणाच्या मागचा चिवटपणा त्यांचा. चाकूरच्या शिवराज पाटलांनी लातूरची नगरपालिका, राज्यातलं विधी व न्याय खात्याचं उपमंत्रिपद, विधानसभेचं अध्यक्षपद असं करत लोकसभेचं अध्यक्षपद गाठलं. बाभळगावचे विलासराव पुण्यात कायदा शिकून आले आणि आधी गावचे सरपंच झाले. आणि शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, तेही वकील. 11 वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सत्ता नसताना आमदाराला काय करता येतं याचं उत्तर त्यांच्या कारकिर्दीत आहे.

पण सगळ्यात जुनं उदाहरण बाबासाहेबांचं, आणि ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1927 मध्ये ते मुंबई विधिमंडळात नेमले गेले आणि पुढच्याच वर्षी महार वतनाबद्दलचं विधेयक घेऊन उभे राहिले. त्यांनी नुसतं भाषण केलं नाही, 1874 च्या वतन कायद्यात नेमका कुठे बदल करायचा ते लिहून आणलं. 1937 मध्ये निवडून आल्यावर खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ही विधेयकं तेव्हा मंजूर झाली नाहीत. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा आणि कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा 1958 चा. अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, विधेयक मंजूर होत नाही, मग कशाला मेहनत, असं तुमच्यातले काही जण बोलून दाखवतात, म्हणून हे लिहिलं. मसुदा कागदावर आला की तो मागणीपुरता राहत नाही. पुढच्या माणसाला तो तयार मिळतो.

आपल्या खंडपीठाचंच बघा. मार्च 1978 मध्ये विधानसभेने एकमताने ठराव केला की औरंगाबादला उच्च न्यायालयाचं कायम खंडपीठ हवं. 27 ऑगस्ट 1981 ला काम सुरू झालं, त्याला आव्हान दिलं गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे आपला विजय झाला. कायम खंडपीठ 1984 मध्ये आलं. माझे वरिष्ठ सांगायचे, त्याआधी एका अपिलासाठी पक्षकाराला मुंबईला पाठवायचं म्हणजे त्याला आणखी एक बैल विकायला लावणं. तो ठराव सभागृहात झाला नसता तर पुढची लढाई कशाच्या आधारावर झाली असती? आणि दुसरीकडे, मराठवाड्याला 1994 मध्ये मिळालेलं वैधानिक विकास मंडळ. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि तो दिवस असाच निघून गेला. मुदत कधी संपते याकडे लक्ष ठेवणं हे तर वकिलाच्या हाडात असतं ना?

एक नाजूक गोष्ट बोलते. आमदार असताना वकिली करायला कायद्याची आडकाठी नाही, सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2018 च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. तुमच्यापैकी कुणी कोट अंगावर ठेवला असेल तर मला आनंदच आहे. हात चालू राहतो, कोर्टात काय चाललंय ते कळतं. मात्र भूसंपादनाच्या कामात आपल्याच मतदारसंघातल्या शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूने वकीलपत्र घेऊ नका. कायदा अडवत नाही, पण त्या शेतकऱ्याने ज्या विश्वासाने तुमच्या नावासमोरचं बटण दाबलं त्याचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा.

विधानसभेत मराठवाड्याच्या 46 जागा आहेत. त्यातले वकील पक्षापक्षांत विभागलेले, मला ठाऊक आहे. पण बार रूममध्ये आपण पक्ष विचारत नाही. दोन वकील दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडतात आणि चारला एका टेबलावर चहा घेतात. तेवढाच सलोखा जमिनीच्या आणि पाण्याच्या कायद्यांपुरता सभागृहात ठेवता येणार नाही का? अधिवेशनाआधी आठवडाभर, जी विधेयकं येणार ती जिल्ह्याच्या वकील संघात पाठवा. आम्ही वाचतो. तालुक्यातल्या ज्युनियर पोरापोरींना तर काम मिळाल्यासारखं होईल; कायद्याचं शिक्षण घेऊन ती टायपिंग आणि नोटरीच्या रांगेत उभी आहेत. आम्ही दुरुस्त्या लिहून देतो, खंड आणि ओळ टाकून, तुम्हाला फक्त सूचना द्यायची. दुरुस्ती पडली तरी हरकत नाही, कामकाजात नोंद राहते. उद्या न्यायालयात त्या कलमाचा अर्थ लावताना ती नोंद आमच्या हातात असते.

आणि एक काम तर येत्या अधिवेशनातच करण्यासारखं आहे. 50-ब मध्ये ती ओळ घाला. अर्ज आल्यापासून 30 दिवसांत चलन द्यावं. न दिल्यास अर्जदाराने आकाराच्या 40 पट रक्कम कोषागारात भरल्याची पावती हाच पुरेसा पुरावा मानावा. मसुदा मी लिहून ठेवलाय, दोन वाक्यांचा आहे. त्याखाली 'परंतु' नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही.

आमच्या बार रूममध्ये शनिवारी दुपारी गर्दी कमी असते. तुमच्यापैकी कुणीही या, आधी फोन केला नाही तरी चालेल. मसुदा माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या म्हातारीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्सही तिथेच आहे, तिच्या परवानगीने ठेवलेली. ती अजून आहे. तिच्या पुतण्याचा त्याच गटातला अर्ज गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे.

आपली,
अंबाजोगाई न्यायालयातली एक वकील